फोनवर रोज देता ती उत्तरं लिहून ठेवा: छोट्या धंद्यासाठी ब्लॉग

एप्रिल लागला की कोकणातल्या आंबेवाल्याचा फोन खाली राहत नाही. पेटी केवढ्याला? देवगडचा की रत्नागिरीचा? साका (कापल्यावर आत पांढुरका, खराब गर) निघाला तर बदलून द्याल का? कच्चा आला तर पिकवायचा कसा? पुण्याला कधी पोचेल? बागेत गडी तोडणीला लागलेत, अंगणात पेट्या भरल्या जातायत, टेम्पोवाला घाई करतोय, आणि मालक मान वाकडी करून खांद्याला फोन अडकवून सकाळपासून तीच उत्तरं देतोय.

छोट्या धंद्याचा ब्लॉग म्हणजे हीच उत्तरं नीट लिहून सापडतील अशा जागी ठेवणं, यापेक्षा जास्त काही नाही. बहुतेक ब्लॉग चार लेखांत बंद पडतात, कारण त्यात उत्तरं नसतात, नुसती जाहिरात असते. ‘आपले सहर्ष स्वागत’, मग दिवाळीच्या शुभेच्छा, मग ‘आमची वैशिष्ट्ये’, आणि त्यानंतर सामसूम. असलं काही गिऱ्हाईक गुगलवर शोधत नाही. तो शोधतो ‘आंब्यात पांढरा भाग का असतो’.

खालची सगळी पद्धत थेट ग्राहकाला हापूस विकणाऱ्या बागायतदाराच्या उदाहरणाने सांगतो. तुमचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा असो की मसाल्यांचा, पायऱ्या त्याच राहतात.

आधी वही

गल्ल्याशेजारी एक वही ठेवा आणि पंधरा दिवस येणारा प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत उतरवून घ्या. शब्द सुधारू नका, खरी मेख तिथेच आहे. तुम्ही म्हणता ‘फळाची प्रतवारी’, गिऱ्हाईक म्हणतं ‘मोठा आंबा केवढ्याला’. गुगलवर तो स्वतःचंच वाक्य टाकणार. गेल्या हंगामातले व्हॉट्सॲपवरचे संवादही चाळा, तिथे तर प्रश्न आयतेच टाइप केलेले असतात.

मग गुगलच्या शोधपट्टीत ‘हापूस आंबा’ एवढंच लिहून थांबा. खाली ज्या सूचना उघडतात त्या लोकांच्या खऱ्या शोधांवरून आलेल्या असतात. हेच रोमन अक्षरांतही करून बघा. मराठी माणूस मोबाइलवर बऱ्याचदा मराठीतच विचारतो, पण अक्षरं रोमन वापरतो. त्या सूचनाही वहीत घ्या.

प्रश्न जमले की त्यांचे गठ्ठे आपोआप पडतात: भाव, ओळख, पिकवणं, तक्रार, पाठवणं. एका गठ्ठ्याचा एक लेख. काही प्रश्न दुर्मीळ वाटतात, पण वेळ फार खातात. अमेरिकेतला मुलगा किंवा भाचा विचारतो, “काका, इकडे एक पेटी पाठवता येईल का?” तिकडे भारतीय आंबा जातो तो २००७पासून, विकिरण प्रक्रिया (कीड जाऊ नये म्हणून किरणांचा मारा) करून आणि मान्यताप्राप्त केंद्रातूनच. घरून कुरिअरने पाठवलेली पेटी तिथल्या विमानतळापलीकडे जाणार नाही. एवढं चार ओळींत लिहून ठेवलं की दर वर्षीचे ते लांबलचक फोन वाचतात, आणि त्याच भाच्याला ‘आईबाबांच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवू का?’ असं विचारायची सोयही होते.

जागा कुठली घ्यायची

पर्याय दोनच धरा. गुगलचं ब्लॉगर फुकट आहे, जीमेलच्या खात्यावर चालतं आणि देखभाल जवळपास शून्य. वर्डप्रेस जास्त लवचीक आहे, पण स्वतःचं होस्टिंग (ब्लॉग ठेवायला भाड्याची जागा) घेतलं की अपडेट, बॅकअप, सुरक्षा हे सगळं मागे लागतं. ज्याच्याकडे हे बघायला माणूस नाही त्याने पहिली दोन वर्षं ब्लॉगर वापरावं असं माझं स्पष्ट मत आहे. ते दिसायला साधं आहे, पण आंबे घेणारा कोणी ब्लॉगची रंगसंगती बघून आंबे घेत नाही.

डोमेन, म्हणजे ब्लॉगचा तुमच्या नावाचा पत्ता, मात्र स्वतःचं घ्या, ते ब्लॉगरलाही जोडता येतं. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. ते तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच मोबाइल नंबरवर नोंदवलेलं असू द्या. वेबसाइट करून देणारा पोरगा सगळं स्वतःच्या खात्यावर घेतो, दोन वर्षांनी फोन उचलत नाही, आणि दुकानाची पाटी दुसऱ्याच्या नावावर राहते. ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहा असंच सांगतो.

आता एक बारीक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. ब्लॉगरमध्ये शीर्षक देवनागरीत दिलं की लेखाचा पत्ता त्याला बनवता येत नाही. तो ‘ब्लॉग पोस्ट’ आणि पुढे काहीतरी आकडा असा निरर्थक पत्ता देतो. वर्डप्रेसमध्ये उलटं होतं. पत्ता देवनागरीतच बनतो, पण व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची हातभर माळ दिसते आणि लोकांना तो व्हायरस वाटतो. म्हणून प्रकाशित करण्याआधी ‘पर्मालिंक’च्या रकान्यात रोमन अक्षरांत दोन-तीन शब्दांचा पत्ता स्वतः लिहा, उदाहरणार्थ ‘hapus-bhav’. त्यात साल टाकू नका, कारण पुढे येईलच.

इन्स्टाग्राम, फेसबुक सोडायला कोणी सांगत नाही. पण रील म्हणजे आठवडी बाजारातली हाळी, त्या घटकेला जो समोर असतो त्यालाच ऐकू येते. जो माणूस पुढल्या वर्षी रात्री अकरा वाजता शोधायला बसणार आहे त्याच्यासाठी लेख लागतो.

पहिला लेख भावाचा

इथे शंभरातले नव्वद जण अडतात. “भाव लिहिला तर शेजारचा बघेल.” शेजारच्याला तुमचा भाव तुमच्याआधी कळलेला असतो. माहीत नसतो तो गिऱ्हाइकाला, आणि ज्याचा भाव कुठेच दिसत नाही तो महागच असणार असं धरून ते पुढे जातं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रिव्हर पूल्स नावाची पोहण्याचे तलाव बसवणारी छोटी कंपनी आहे. २००८च्या मंदीत तिची मागणी आटली. भागीदार मार्कस शेरिडन यांनी ठरवलं की गिऱ्हाईक जे जे विचारतं ते सगळं कंपनीच्या ब्लॉगवर लिहायचं. फायबरग्लासचा तलाव केवढ्याला पडतो हे लिहिलं, आणि त्या तलावात अडचणी काय येतात हेही. त्या क्षेत्रात तोवर हे दोन्ही विषय कोणी उघड बोलत नव्हतं. कंपनी तरली, आणि शेरिडन पुढे हीच पद्धत शिकवायला लागले.

भाव लिहायचा म्हणजे एकच आकडा छापायचा असं नाही. आकडा कशाने हलतो ते सांगायचं. हापूसच्या लेखाची सुरुवात अशी होऊ शकेल:

‘पेटी साधारण एकाच मापाची असते. फळ मोठं असेल तर तिच्यात चार डझन बसतात, लहान असेल तर सात-आठ डझनसुद्धा. म्हणजे आठ डझनी पेटी मोठी नसते, तिच्यातलं फळ लहान असतं. म्हणून दोन ठिकाणचे भाव ताडून बघताना आधी विचारा: किती डझनी, आणि एका फळाचं वजन किती? मार्चमध्ये माल थोडा असतो, भाव चढा. अक्षय्य तृतीयेला मागणी एकदम उसळते. मेच्या मध्यावर आवक वाढली की तोच आंबा बराच स्वस्त मिळतो. घरात लहान मुलं असतील आणि आमरसच करायचा असेल तर मेपर्यंत थांबा, आणि लहान फळ घ्या.’

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. विक्रेता स्वतःच ‘थांबा’ आणि ‘लहान घ्या’ म्हणतोय. असं लिहिणाऱ्याचा नंबर लोक मोबाइलमध्ये जतन करून ठेवतात. त्याखाली या हंगामाचा तुमचा भाव तीन वजनांत द्या, कुरिअरचा खर्च वेगळा दाखवा, आणि सगळ्यात वर ‘शेवटची दुरुस्ती’ म्हणून तारीख टाका.

पुढल्या वर्षी नवा लेख लिहू नका. याच लेखातले आकडे बदला, तारीख बदला. पत्ता तोच राहिला की वर्षानुवर्षं लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या लिंका, गुगलमध्ये मिळालेली जागा, सगळं त्याच पानाच्या खात्यावर जमा होत राहतं. पत्त्यात साल नको म्हटलं ते यासाठी.

दुसरा लेख, माल जिथे फसतो त्याचा

हापूसचं दुखणं म्हणजे साका. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापलं की कोयीच्या बाजूला पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर. गिऱ्हाइकाला वाटतं फसवलं. त्यावर मौन बाळगलं तर तो समज पक्का होतो, म्हणून हा लेख तुम्हीच लिहा, आणि आढेवेढे न घेता.

त्यात काय यावं? साका बाहेरून दिसत नाही, आम्हालाही दिसत नाही, हे पहिल्या ओळीत. तो उन्हाच्या तावाने वाढतो, तोडलेलं फळ तापल्या जमिनीवर पडून राहिलं तर जास्त, हे दुसऱ्या. मग तुम्ही काय करता: सकाळी लवकर तोडणी, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या नूतन झेल्याने (लांब काठीला लावलेल्या जाळीने) देठासकट उतरवणं, फळ लगेच सावलीत. आणि इतकं करूनही पेटीत एखादं फळ निघू शकतं, हे कबूल. शेवटी नियम: कापलेल्या फळाचा फोटो अमुक तासांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत किंवा पुढच्या पेटीत भर. जे परवडेल तेच लिहा, पण आकड्यात लिहा. ‘योग्य तो विचार केला जाईल’ हे सरकारी वाक्य नको.

सोबत साका निघालेल्या फळाचा स्वतः काढलेला फोटो टाका. सुंदर हापूसचे फोटो इंटरनेटवर ढिगाने आहेत, हा फोटो टाकायला मात्र धीर लागतो.

प्रत्येक धंद्यात असा एक साका असतो. कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते, आणि पावसात भिजली की फुगते. पैठणी विकणाऱ्याला रोज विचारतात, हातमागाची कशावरून? त्याने पदर उलटा करून दाखवणारे दोन फोटो टाकावेत: हातमागाचं विणकाम मागूनही जवळपास पुढच्यासारखंच स्वच्छ, यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे. असा एक लेख दहा जाहिरातींचं काम करतो.

बाकीचे लेख यामानाने सोपे. ‘खरा हापूस कसा ओळखावा’ यात भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावू देणारी सरकारी नोंद, आलंच पाहिजे. २०१८मध्ये ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मिळालं, त्यामुळे ‘देवगडचाच खरा’ असल्या वादात न पडता तुमची बाग कुठे आहे ते सांगा. ‘घरी पिकवावा कसा’ यात अढीची रीत: भाताच्या पेंढ्यात एक थर, दोन दिवसांनी फळं पालटायची, वास सुटला आणि बोटाला किंचित मऊ लागला की तयार, सालीवर सुरकुत्या आल्या म्हणजे खराब झाला असं नव्हे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायूला ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. तुम्ही यातलं काय वापरता, की काहीच नाही, ते एका ओळीत सांगून टाका.

लिहायचं कसं

कागद समोर आला की चांगला बोलणारा माणूसही ‘सदर उत्पादन ग्राहकांच्या पसंतीस उतरलेले असून’ असं लिहायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे लिहूच नका, बोला. मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकचं बटण दाबा आणि फोनवर गिऱ्हाइकाला सांगता तसं सांगा. जीबोर्डला, म्हणजे गुगलच्या कीबोर्डला, मराठी बऱ्यापैकी कळतं. विरामचिन्हं आणि चुकलेले शब्द नंतर हाताने दुरुस्त करा. मालवणी शब्द मध्ये आले तर येऊ द्या, कोकणातून आंबा मागवणाऱ्याला ते खटकत नाहीत.

शीर्षक म्हणजे वहीतला प्रश्न, जसाच्या तसा. उत्तर पहिल्या दोन ओळींत, कारणं खाली. लांबी प्रश्नाएवढी: पाठवण्याचे दिवस सांगायला दीडशे शब्द पुरतात, साक्याला आठशे लागतील. हापूस, अल्फान्सो, आंबा पेटी असे लोक वापरतात ते सगळे शब्द ओघात एकदा येऊ द्या, पण दर ओळीत ‘अस्सल देवगड हापूस’ कोंबू नका. वाचणाऱ्याला त्याचा वीट येतो आणि गुगलही हल्ली त्याला भुलत नाही.

फोटो मोबाइलचेच, दिवसाच्या उजेडात, सावलीत काढलेले. मूळ फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडायला वेळ लागतो. तो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून पुन्हा उतरवून घेतला की आपोआप हलका होतो. फोटोच्या वर्णनाच्या रकान्यात साधं वाक्य टाका: ‘साका असलेला हापूस, कापल्यावर’.

एआयकडून लेख लिहून घ्यावा का? शुद्धलेखन तपासायला, लांबलेला परिच्छेद आटोपता करायला जरूर वापरा. पण ‘हापूस आंब्याचे फायदे’ त्याला लिहायला सांगितलं तर जे येतं ते शेजारच्या बागायतदारालाही तसंच येतं. तुमची अढी कुठल्या खोलीत असते, यंदा मोहोर दोनदा का आला, हे त्याला ठाऊक नाही.

लेखातून ऑर्डरकडे

लेख वाचून झाला आणि पुढे काय करायचं ते कळलं नाही, तर सगळं वाया. फोन नंबर फोटोत नको, मजकुरात हवा, म्हणजे बोट लावलं की फोन लागतो. त्याखाली व्हॉट्सॲपची लिंक: ‘डब्ल्यूए डॉट एमई’, तिरकी रेघ, मग ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर, मध्ये अधिकचं चिन्ह किंवा मोकळी जागा न सोडता. या लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह, ‘टेक्स्ट’ हा इंग्रजी शब्द आणि बरोबरचं चिन्ह टाकून आधीच लिहिलेला निरोपही जोडता येतो. प्रत्येक लेखाला वेगळा निरोप द्या. भावाच्या लेखाखाली ‘भाव वाचला, पेटी हवी आहे’, साक्याच्या लेखाखाली ‘साक्याबद्दल वाचलं, विचारायचं होतं’. कुठल्या लेखातून किती माणसं आली ते व्हॉट्सॲपमध्येच दिसतं, आकडेवारीचं कुठलंही यंत्र लागत नाही.

गुगल मॅप्सवरची तुमच्या धंद्याची नोंद केली नसेल तर करा, ती फुकट आहे, आणि तिथे ब्लॉगचा पत्ता द्या. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक ब्लॉगच्या तळाशी कायमचा ठेवा.

काय लिहू नये तेही इथेच. आंबापोळीसोबत जांभळाच्या बियांची पावडर विकणारे बरेच असतात, आणि ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं लिहायचा मोह होतो. १९५४च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्यानुसार मधुमेहासारखे आजार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात गुन्हा ठरते, आणि ब्लॉग म्हणजे जाहिरात नव्हे अशी पळवाट काढायला जाऊ नका. दुसऱ्याच्या साइटवरचे फोटो उचलू नका. गिऱ्हाइकाचा फोटो किंवा त्याचा व्हॉट्सॲपवरचा कौतुकाचा निरोप टाकायचा तर आधी त्याला विचारा.

कधी लिहायचं

एप्रिलमध्ये लिहिलेला लेख त्या एप्रिलला उपयोगी पडत नाही. नव्या ब्लॉगचा लेख गुगलमध्ये वर दिसायला आठवडे जातात, कधी महिने. मोहोर डिसेंबर-जानेवारीत असतो, तेव्हा भाव आणि साका हे दोन्ही लेख तोवर ब्लॉगवर चढलेले असावेत. लिखाणाचा खरा हंगाम पावसाळा. बागेत खतं घालून झाली, हाताला सवड आहे, आणि गेल्या हंगामातल्या तक्रारी अजून ताज्या आहेत. महिन्याला दोन लेख पुष्कळ झाले. दहा चांगले लेख झाले की नव्या लेखांची घाई नाही, जुने दुरुस्त करत राहणं जास्त फायद्याचं.

गिऱ्हाईक नेहमीचं असेल तर लेख गुगलमध्ये वर यायची वाटही बघायला नको. फोन आला की दोन वाक्यांत उत्तर द्या, आणि “बाकी सविस्तर पाठवतो हं, बघून सांगा” म्हणून लिंक पाठवा. नुसती लिंक फेकू नका, कोकणातल्या माणसाकडून ते उद्धट वाटतं.

कुठे बघायचं

किती जणांनी वाचलं हा आकडा बाजूला ठेवा. गुगलचं सर्च कन्सोल हे फुकट साधन आहे, ब्लॉग त्याला पहिल्याच दिवशी जोडा आणि दोन-तीन महिने विसरून जा. मग त्यातल्या कामगिरीच्या पानावर लोक नेमके कुठले शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले त्याची यादी मिळते. तिच्यात दोन गोष्टी शोधायच्या. एक, जिथे लेख पुष्कळदा दिसला पण कोणी उघडला नाही: तिथे बहुधा शीर्षक बदलायला हवं. दुसरी, जिथे लोक काहीतरी विचारत आले आणि त्याचं उत्तर लेखात नाहीच. समजा पिकवण्याच्या लेखावर लोक ‘कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवला तर’ असं शोधत येतायत. त्यासाठी वेगळा लेख नको. त्याच लेखात एक उपशीर्षक वाढवा: कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने ते नीट पिकत नाही आणि चवही जाते, आधी अढीत पूर्ण पिकवा आणि मग दोन-चार दिवस फ्रिजमध्ये चालेल. वरची तारीख बदला, सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा पत्ता टाकून पुन्हा नोंद घेण्याची विनंती करा, आणि वहीत त्या प्रश्नापुढे खूण करा.